शॅल : कोणी न बोलणारं क्रियापद

इंग्रजीत एक क्रियापद असं आहे की जे आपल्या हॉस्टेलमध्ये कोणाच्याही तोंडी येत नाही, पण आपल्या टेबलावरच्या निम्म्या पुस्तकांत ते पानोपानी भेटतं. ते म्हणजे 'शॅल'. 'आय शॅल गो टू द मेस' असं म्हणणारा प्राणी मला तीन वर्षांत एकही दिसलेला नाही. पण आय.एस. कोड उघडा, टेंडर उघडा, युनिव्हर्सिटीचा ऑर्डिनन्स उघडा, नाहीतर रेक्टर मॅडमच्या केबिनबाहेरचा बोर्ड वाचा. 'स्टुडन्ट्स शॅल', 'द काँट्रॅक्टर शॅल', 'द वॉटर शॅल'. पाण्यालासुद्धा हुकूम!

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे इंग्रजी ग्रामरचा धाक लहानपणीच बसला. आमच्या सिस्टर रेन आणि मार्टिनच्या पुस्तकातून एक तक्ता पाठ करून घ्यायच्या. 'आय' आणि 'वी' यांच्यापुढे शॅल, बाकी सगळ्यांपुढे विल. आणि निश्चय, वचन किंवा धमकी द्यायची असेल तर बरोब्बर उलट! 'यू शॅल नॉट पास' म्हणजे तू पास होशील की नाही याचा अंदाज नव्हे, तर तुला जाऊ देणार नाही अशी ताकीद. का, असं विचारायची सोय नव्हती. पाढ्यासारखं पाठ करायचं. आता सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आल्यावर मात्र हे 'का' फार महत्त्वाचं वाटू लागलंय, कारण या एका शब्दावर स्लॅबला किती दिवस पाणी मारायचं ते ठरतं. म्हणून हा लेखप्रपंच. (मराठी विभागात इंग्रजी क्रियापदावर लेख कसा, असं संपादकांनी विचारलं. उत्तर पुढे येईलच.)

आधी थोडा इतिहास, मग मेकॅनिक्स.

जुन्या इंग्रजीत 'शॅल'चं रूप 'स्केआल' असं लिहीत, आणि त्याचा मूळ अर्थ होता 'देणं लागणं', म्हणजे चक्क उधारी! जर्मन भाषेत 'शुल्ड' म्हणजे कर्जही आणि अपराधही, तो शब्द याच मुळातला. जो देणं लागतो त्याला ते फेडावं लागतं, म्हणून उधारीवरून कर्तव्य आलं. आणि जे करावं लागणार ते पुढे घडणार, म्हणून कर्तव्यावरून भविष्यकाळ आला. 'विल'चं मूळ वेगळं. त्याचा अर्थ 'इच्छा असणं'. म्हणजे भविष्याकडे जायचे दोन रस्ते, एक देण्यातून आणि एक इच्छेतून.

आता मजा बघा. हे आपल्याला परकं वाटायचं काहीच कारण नाही. 'मी कँटीनवाल्याचे दोनशे रुपये देणं लागतो' आणि 'मला उद्या जावं लागेल' या दोन्ही वाक्यांत 'लागणे' हेच क्रियापद आहे. उधारी आणि बंधन आपणही एकाच शब्दाने सांगतो. तसंच 'मला चहा पाहिजे' आणि 'मला अभ्यास केला पाहिजे' यांत 'पाहिजे' एकच, पण पहिली इच्छा आणि दुसरी सक्ती. तिकडच्या लोकांना जे हजार वर्षांपूर्वी सुचलं ते आपण रोज कँटीनमध्ये बोलतो. फक्त त्यावर आपल्याला कोणी तक्ता पाठ करायला लावला नाही, एवढंच.

आणखी एक गोष्ट जाताजाता. 'शुड' हा 'शॅल'चाच भूतकाळ. 'विल'चा 'वुड', 'कॅन'चा 'कुड', तसा 'शॅल'चा 'शुड'. कोडमध्ये हे दोघे शेजारी शेजारी येतात तेव्हा ते सख्खे नातेवाईक असतात हे लक्षात राहत नाही. एकाचं ऐकावंच लागतं आणि दुसऱ्याचं ऐकलं तर बरं. घरोघरी असंच असतं म्हणा!

तो 'आय शॅल, यू विल' वाला नियम कोणी काढला, ते शोधायला मी लायब्ररीत बसले आणि नाव बघून उडालेच. जॉन वॉलिस! हो, तोच. एम-टूमध्ये साइनच्या घाताचं इंटिग्रेशन करताना ज्याचा फॉर्म्युला आपण डोळे मिटून लावतो, आणि १६५५ साली ज्याने अनंताचं ते आडवं पडलेलं आठचं चिन्ह वापरात आणलं, तो इंग्लंडचा गणिती. त्याने १६५३ साली इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, तेही लॅटिनमध्ये, कारण ते परदेशी लोकांसाठी होतं. त्यात त्याने सांगितलं की, प्रथमपुरुषी 'शॅल' म्हणजे नुसतं भाकीत आणि 'विल' म्हणजे वचन किंवा धमकी. द्वितीय आणि तृतीय पुरुषात याच्या उलट. गणित्याला शोभेल असा सिमेट्रिकल नियम. साइन बदलली की चिन्ह बदललं!

या नियमावर एक जुना विनोद आहे. इंग्लंडमध्ये एक परका माणूस नदीत पडला आणि ओरडला, 'आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!' काठावरच्या साहेबांनी टोप्या काढल्या आणि त्याच्या इच्छेचा मान राखला. वॉलिसच्या नियमाने त्याचा अर्थ झाला, 'मी बुडणारच, खबरदार कोणी मला वाचवलंत तर!' बिचाऱ्याला म्हणायचं होतं 'आय शॅल ड्राउन, नोबडी विल सेव्ह मी'. हा परका कधी स्कॉटिश असतो, कधी आयरिश, कधी फ्रेंच. सांगणारा कोण त्यावर अवलंबून. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये लोक मुळात 'शॅल' फारसा वापरतच नाहीत, त्यामुळे तिथल्या शाळांतल्या मुलांनाही आपल्यासारखाच तक्ता पाठ करावा लागला असणार. वाचून मला फार बरं वाटलं.

पण खरंच असा नियम इंग्रजी बोलणारे पाळत होते का? मला शंका आहे. जनरल मॅकआर्थरचं उदाहरण घ्या. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी वेढलेल्या फिलिपाइन्समधून निघून तो ऑस्ट्रेलियात पोचला आणि म्हणाला, 'आय शॅल रिटर्न'. ऑक्टोबर १९४४ मध्ये तो लेटे बेटावर परत उतरलाही. आता वॉलिसच्या हिशेबाने 'आय शॅल' म्हणजे साधं भाकीत, 'मी सात वाजता परत येईन' असं रूममेटला सांगावं तसं. पण जगात कोणीही ते तसं ऐकलं नाही. सगळ्यांनी ती प्रतिज्ञाच ऐकली. ४ जून १९४० च्या भाषणात चर्चिलनेही 'वी शॅल फाइट' पुन्हा पुन्हा म्हटलं, आणि तोही काही हवामानाचा अंदाज नव्हता. मला वाटतं नियमापेक्षा कान मोठा. शब्दात जुन्या देण्याचं वजन शिल्लक होतं आणि ऐकणाऱ्याला ते जाणवत होतं. शेक्सपियरच्या 'कोरिओलेनस' नाटकात तर जनतेचा प्रतिनिधी 'शॅल' म्हणाला एवढ्यावरून नायक संतापतो. हा कोण मला 'शॅल' म्हणणारा! म्हणजे सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाही या शब्दातून हुकूम ऐकू येत होता.

प्रश्नात आला की मात्र हाच शब्द एकदम मवाळ होतो. 'शॅल वी गो?' म्हणजे 'जाऊ या का?' आणि 'शॅल आय ओपन द विंडो?' म्हणजे 'खिडकी उघडू का?' इथे हुकूम नाही, उलट हुकूम मागितलाय. मराठीचं 'उघडू का' हे रूप यासाठी इतकं चपखल आहे की इंग्रजीनेच आपल्याकडून उसनं घ्यावं. घरगुती 'शॅल' एवढाच उरलाय. बाकीचा सगळा वकील आणि इंजिनिअर यांच्याकडे गेला.

आणि गंमत म्हणजे वकिलांना तो आता नकोसा झालाय, इंजिनिअर मात्र त्याला सोडायला तयार नाहीत. हे कसं झालं ते नीट बघण्यासारखं आहे.

आपल्या राज्यघटनेची इंग्रजी प्रत 'शॅल'ने भरलेली आहे. अनुच्छेद १४ घ्या. राज्य कोणालाही कायद्यापुढची समानता 'शॅल नॉट डिनाय'. मराठी प्रतीत तिथे 'नाकारणार नाही' असं साधं भविष्यकाळी रूप येतं. इथे सक्ती आहे यात कोणालाही संशय नाही. पण सगळीकडे असं नाही. अनुच्छेद ३२० मध्ये सरकारी नोकराच्या शिस्तभंगाच्या प्रकरणात लोकसेवा आयोगाशी सल्लामसलत करण्याबद्दल 'शॅल बी कन्सल्टेड' असं लिहिलंय. उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध मनबोधनलाल श्रीवास्तव या खटल्यात १९५७ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा 'शॅल' सक्तीचा नव्हे. सल्ला घेतला नाही तर काय होईल ते घटनेत सांगितलेलं नाही, आयोगाचा सल्ला सरकारवर बंधनकारकही नाही, आणि काही बाबी सल्ल्यातून वगळायची सोय त्याच अनुच्छेदात आहे. म्हणून सल्ला राहिला एवढ्यावरून कारवाई रद्द होत नाही. कायद्याच्या भाषेत याला 'मँडेटरी' आणि 'डिरेक्टरी' असे दोन शब्द आहेत. मँडेटरी मोडलं की काम बाद. डिरेक्टरी मोडलं तर चूक झाली, पण काम बाद होत नाही. आणि दोन्हीकडे क्रियापद तेच! म्हणजे 'शॅल' वाचून कळत नाही, आजूबाजूचं सगळं वाचावं लागतं.

अशा भांडणांना कंटाळून इंग्रजी देशांतल्या कायदा लिहिणाऱ्यांनी 'शॅल'ची हकालपट्टी सुरू केली. ऑस्ट्रेलियात त्याच्या जागी 'मस्ट' आला. अमेरिकेत फेडरल कोर्टांचे दिवाणी नियम २००७ साली नव्याने लिहिले गेले तेव्हा 'शॅल' वेचून काढला, कुठे 'मस्ट' घातला, कुठे 'शुड', कुठे 'मे'. पण नियम ५६ मध्ये ते अडकले. पुरेसा वादाचा मुद्दाच नसेल तर कोर्टाने खटला न चालवता निकाल द्यावा, असा तो नियम. तिथे 'शॅल' काढून 'शुड' घातला आणि वाद सुरू झाला : म्हणजे आता न्यायाधीशाच्या मर्जीवर का? 'मस्ट' घालावा तर अर्थ फार कडक होतो. शेवटी २०१० साली त्या एका जागी 'शॅल' परत आणून बसवला. जो शब्द संदिग्ध म्हणून हाकलला, त्याची ती संदिग्धताच तिथे हवी होती! मला ही गोष्ट फार आवडते. केटी लागलेल्या मुलाला शेवटी टीममध्ये घ्यावंच लागतं, कारण गोलकीपर दुसरा नाही.

इंजिनिअरांनी वेगळा मार्ग धरला. शब्द संदिग्ध आहे ना, मग आपण त्याची व्याख्याच करून टाकू. आय.एस.ओ.च्या मानकं कशी लिहावीत याच्या नियमांत चार क्रियापदांचा बंदोबस्त केलेला आहे. 'शॅल' म्हणजे अट. पाळली नाही तर तुमचं काम मानकाप्रमाणे नाही. 'शुड' म्हणजे शिफारस. 'मे' म्हणजे परवानगी. 'कॅन' म्हणजे शक्यता किंवा क्षमता. आणि 'मस्ट' हा 'शॅल'च्या जागी वापरायचा नाही, कारण 'मस्ट' कायद्यासारख्या बाहेरून आलेल्या बंधनासाठी राखून ठेवलाय. वकील 'शॅल' टाकून 'मस्ट' घेतायत आणि इंजिनिअर 'मस्ट' टाळून 'शॅल' घेतायत. दोघांनाही हवंय तेच, एका शब्दाचा एकच अर्थ.

आता आपला आय.एस. ४५६, २००० सालचा. याला आपण सगळे घाबरतो, पण क्रियापदांवर पेन्सिलने खुणा करत वाचला तर तो वेगळाच दिसतो. पाण्याचं कलम घ्या. पाण्याचा पी.एच. सहापेक्षा कमी असता कामा नये, इथे 'शॅल'. समुद्राचं पाणी वापरणं 'इज नॉट रेकमेंडेड', इथे 'शॅल नॉट' नाही! पुढे म्हटलंय की अगदी इलाज नसेल तर, आत लोखंड नसलेल्या साध्या काँक्रीटसाठी, नीट विचार करून ते वापरायला हरकत नाही, आणि इथे 'मे'. एवढ्याशा जागेत अट, शिफारस आणि परवानगी तिन्ही. कोकणातल्या माझ्या मैत्रिणीला हे दाखवलं तर ती म्हणाली, 'म्हणजे चालतं तर!' नाही बाई. 'मे'च्या मागे तीन अटी आहेत त्या आधी वाच.

कॉलमच्या कलमात तर एक रत्न सापडलं. उभ्या सळयांचं प्रमाण कॉलमच्या छेदाच्या ०.८ टक्क्यापेक्षा कमी नको आणि ६ टक्क्यांपेक्षा जास्त नको. चौकोनी कॉलमला निदान चार सळया, गोल कॉलमला सहा, आणि सळई १२ मिलिमीटरपेक्षा बारीक नको. सगळीकडे खणखणीत 'शॅल'. मग खाली एक टीप येते. ६ टक्के लोखंड घातलं तर काँक्रीट आत जायला आणि दाबायला त्रास होतो, म्हणून कमी घातलेलं बरं. आणि खालच्या कॉलमच्या सळया वरच्या कॉलमच्या सळयांना जिथे लॅप होतात तिथे प्रमाण ४ टक्क्यांपेक्षा 'शॅल युज्वली नॉट एक्सीड'. शॅल युज्वली! म्हणजे 'बंधनकारक, सहसा'. आय.एस.ओ.वाले हे वाचून चहा सांडतील. पण साइटवर उभं राहिलं की त्यातलं शहाणपण कळतं. लॅपच्या जागी सळया दुप्पट होतात. ४ टक्क्यांचे तिथे ८ होतात. मग व्हायब्रेटरची सुईसुद्धा आत जात नाही आणि माल वरच अडकतो. लिहिणाऱ्याला हे माहीत होतं, पण प्रत्येक कॉलमला सरसकट ४ टक्क्यांची मर्यादा घालणंही त्याला पटत नव्हतं. म्हणून हा आढेवेढे घेणारा 'शॅल'. व्हायवाला एक्स्टर्नलने जास्तीत जास्त किती टक्के असं विचारलं तर ६ सांगा, आणि लगेच लॅपचं सांगा. मार्क तिथेच आहेत.

अजून एक. बी.आय.एस.ची मानकं मुळात ऐच्छिक असतात. सरकारने आदेश काढून एखादं मानक सक्तीचं केलं, जसं सिमेंटसाठी २००३ च्या क्वालिटी कंट्रोल ऑर्डरने केलं, किंवा टेंडरमध्ये, नगरपालिकेच्या नियमांत त्या कोडचं नाव घातलं, की मग आतल्या प्रत्येक 'शॅल'मध्ये जीव येतो. तोवर तो नुसता छापलेला असतो. म्हणजे 'शॅल'ला अंगभूत ताकद नाही, त्याला कुठूनतरी कनेक्शन द्यावं लागतं.

कॉम्प्युटरवाल्यांना वाटेल हे सगळं सिमेंटवाल्यांचं चाललंय. तर तुमचं अख्खं इंटरनेट याच क्रियापदांवर चालतं. इंटरनेटचे प्रोटोकॉल ज्या आर.एफ.सी. नावाच्या कागदपत्रांत लिहिलेले असतात, त्यांत हे शब्द कसे वाचायचे ते सांगणारी एक स्वतंत्र आर.एफ.सी. आहे, २११९ नंबरची. स्कॉट ब्रॅडनर यांनी ती मार्च १९९७ मध्ये लिहिली. तिच्यात 'मस्ट' आणि 'शॅल' एकाच अर्थाचे, आणि 'शुड' म्हणजे सबळ कारण असेल आणि परिणामांचा पूर्ण विचार केला असेल तरच मोडा. 'शुड'ची यापेक्षा चांगली व्याख्या मी वाचलेली नाही. लोक 'शुड' म्हणजे 'सोडून द्या' असं वाचतात, म्हणून मुद्दाम सांगितलं. पुढे भांडण निघालं की हे शब्द स्मॉल लेटरमध्ये आले तर काय? २०१७ साली आर.एफ.सी. ८१७४ ने खुलासा केला की विशेष अर्थ फक्त कॅपिटलमध्ये लिहिलेल्यांना. म्हणजे बंधन आहे की नाही ते शिफ्टच्या बटणावर!

नासाच्या सिस्टिम्स इंजिनिअरिंगच्या हँडबुकातही अशीच वाटणी आहे. 'शॅल' म्हणजे अट, 'विल' म्हणजे वस्तुस्थिती किंवा हेतू सांगणं, 'शुड' म्हणजे ध्येय. फायनल इयरचे प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिणाऱ्या सिनिअर्सना माझी हात जोडून विनंती, 'द सिस्टिम शॅल बी युजर फ्रेंडली' असं लिहू नका. जे तपासता येत नाही त्याला 'शॅल' लावून काय उपयोग? किती सेकंदांत स्क्रीन उघडेल ते लिहा आणि मग खुशाल 'शॅल' लावा.

आता संपादकांच्या प्रश्नाकडे. हे मराठीत का? कारण कोड इंग्रजीत आहे पण साइट मराठीत आहे. मुकादम, गवंडी, सेंट्रिंगवाले यांच्यापर्यंत 'शॅल' पोचतो तो भाषांतर होऊनच, आणि भाषांतरात तो बहुतेक वेळा मरतो. आपल्याकडे 'करावे' हे विध्यर्थी रूप आहे, पण ते बिचारं फार कामं करतं. 'सबमिशन वेळेवर करावं' यात कर्तव्य आहे. 'संध्याकाळपर्यंत पाऊस यावा' यात अंदाज आहे. 'एकदाची लाइट यावी' यात इच्छा आहे. आणि 'पोहे करावेत तर आपल्या मेसच्या मावशींनीच' यात कौतुक आहे! एवढ्या ओझ्याचं रूप कोडमध्ये चालवायचं म्हणजे वाचणाऱ्याने हवा तो अर्थ घ्यायचा. 'नये'चंही तेच. 'येथे थुंकू नये' या पाटीखालीच सगळ्यात जास्त लाल रंग असतो. पण 'येथे गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल' वाचलं की माणूस गाडी पुढे नेतो. साधा भविष्यकाळ, पण परिणाम सांगितलाय ना! १९५७ च्या खटल्यात कोर्टाने हेच तर बघितलं होतं, की न पाळल्यास काय ते लिहिलंय का.

सरकारी मराठीने 'बंधनकारक राहील' असा उपाय काढलाय. अर्थ पक्का, पण ऐकायला लोखंडी. मी माझ्यापुरती जुळणी अशी करते : 'शॅल'ला 'केलंच पाहिजे', 'शॅल नॉट'ला 'करता कामा नये', 'शुड'ला 'करावं', 'मे'ला 'हरकत नाही' आणि 'कॅन'ला 'करता येतं'. यातला 'हरकत नाही' मला सगळ्यात आवडतो. परवानगी देणारा हात वर करून बसलाय असं दिसतं.

या जुळणीची परीक्षा गेल्या उन्हाळ्यात झाली. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एका इमारतीच्या साइटवर मी ट्रेनिंगला होते. मे महिना, बोअर आटलेलं, पाणी टँकरचं. स्लॅब टाकून सात दिवस झाले आणि वर केलेली आळी कोरडी ठेवायचा निर्णय झाला. साइटवरचे इंजिनिअर सर म्हणाले, 'मॅडम, कोडमध्ये सात दिवस आहेत, सात झाले.' कोडमध्ये सात आहेत हे खरं, पण ते साध्या पोर्टलँड सिमेंटला. गोण्यांवर पी.पी.सी. लिहिलेलं होतं, म्हणजे फ्लाय ॲश मिसळलेलं. त्याला निदान दहा. हवा कोरडी आणि तापलेली असेल तरीही दहा. दोन्ही वाटांनी दहाच, आणि दोन्हीकडे 'शॅल'. अशा सिमेंटचं काँक्रीट ताकद हळूहळू धरतं, मधेच पाणी तोडलं की ती प्रक्रिया तिथेच मंदावते आणि वरचा थर तडकतो. त्यापुढे चौदा दिवसांचा उल्लेख आहे, पण तो 'इट इज रेकमेंडेड' आणि 'मे' असा दोन पायऱ्या खाली उतरून.

सर तसे भले. ते म्हणाले, 'चौदा नाही ना सक्तीचे?' नाही म्हटलं. 'मग दहा.' एवढं सोपं झालं, कारण कागदावर ते क्रियापद होतं. पण सोपं नव्हतंही. त्याच टँकरच्या दुसऱ्या खेपेसाठी रस्त्यापलीकडच्या वस्तीवरच्या बाया हंडे घेऊन सकाळपासून बसलेल्या असायच्या. कोडमध्ये त्यांच्याबद्दल 'शॅल'ही नाही आणि 'शुड'ही नाही. आम्ही आळ्यांत पाणी भरण्याऐवजी ओली गोणपाटं अंथरली आणि वर प्लॅस्टिक टाकलं. पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे एवढंच कोड म्हणतो, तळं करा असं म्हणत नाही. गोणपाटाची सोय त्याच कलमात लिहिलेली आहे. पाणी बरंच कमी लागलं.

मग मुकादम काकांनी सांगितलं की पोरं रोज विचारतात, ताई, एकदा भिंतीवर लिहूनच द्या. मी खडूने जिन्याजवळच्या भिंतीवर लिहिलं : 'स्लॅब दहा दिवस ओला ठेवलाच पाहिजे.' काकांनी वाचलं आणि म्हणाले, 'त्या 'च'ला मोठा करा.' केला. सगळा 'शॅल' त्या एका अक्षरात मावला होता. खाली चौदा दिवसांची ओळ लिहिली : 'पुढे चौदा दिवसांपर्यंत ठेवावा.' काका थोडा वेळ बघत राहिले.

'इथं 'च' नाही?'

'नाही काका.'

'म्हणजे टँकर आला तर.'

'हो.'

त्यांनी मान डोलावली आणि पोरांना गोणपाटं उलटायला सांगितलं.